नऊशेच्या पेनावरचा आयात कर

घरात ऑनलाइन खरेदी बंद, हे फर्मान मीच काढलं होतं. सासूबाईंना बिडाचा तवा मागवायचा होता, तोही मी ‘दोन आहेत की घरात’ म्हणून अडवला. आणि महिन्याभरात मीच जपानहून शाईचं पेन मागवलं. नऊ हजारांचं. घरी सांगताना एक शून्य खाल्लं.

परदेशी मालावर दारात आयात कर मागतात, हे माझ्या गावीही नव्हतं. मी चाकणला पहिल्या शिफ्टला असताना कुरियरवाला आमच्या कासारवाडीच्या घरी आला आणि सासऱ्यांनी साडेतीन हजार भरले. सासरे तीस वर्षं कंपनीच्या स्टोअरला होते. निवृत्त झाले, पण अजूनही कोथिंबिरीची जुडीसुद्धा तपासल्याशिवाय आत येऊ देत नाहीत.

संध्याकाळी सासूबाई पावती हातात घेऊनच बसल्या होत्या. नऊशेच्या पेनाला एवढा कर कसा, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. तेवढ्यात सासरेच कडाडले, की हा सरळ अन्याय आहे, कस्टमला अर्ज करायचा. लगेच लिहिलाही, आणि खड्या आवाजात वाचून दाखवला. ‘माझ्या गरीब सुनेवर’ हे शब्द त्यात दोनदा होते. टपालात टाकायला मात्र माझ्याकडे दिला.

अर्ज गेला, की कस्टमवाले उत्तराला बिलाची प्रत जोडणार आणि माझी घरात शोभा होणार. चार दिवस तो अर्ज माझ्या डब्याच्या पिशवीतून चाकणला जाऊन परत येत राहिला. पाचव्या दिवशी सासूबाई देवळात गेल्यावर मी सासऱ्यांपुढे सगळं कबूल केलं. लाजेनं रडूच येत होतं.

पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "बिल खोक्यावरच चिकटवलेलं व्हतं, ते मीच काढून ठेवलं. बिल वाचल्याबिगर मी माल आत घेतो व्हय?"

"मग अर्ज कशाला लिहिलात?"

"तुझ्या सासूला वाचून दाखवायला. टपालात टाकायचा न्हाई."

मी त्यांचे पैसे तिथल्या तिथे दिले. सासूबाई अजून विचारतात, सरकारचं उत्तर आलं का? सरकारी काम, सहा महिने थांब, असं आम्ही दोघं एका सुरात सांगतो. मग सुनेवर अन्याय झालाय म्हणून त्या माझ्या भाकरीवर तुपाचा आणखी एक चमचा घालतात. ते तूप माझ्या घशाखाली उतरत नाही. सासरे समोरून बघत असतात, म्हणून खाते.