सात पानांचा फॉर्म

अनुजा शाहूपुरीतल्या एका ऑफिसात वेबसाइटचे फॉर्म बनवते. आता त्या कामाची तिला शिसारी आली आहे. म्हशींच्या विम्याचा फॉर्म तिनं एकाच पानात बसवला होता. साहेब म्हणाले, "एवढासाच? गिऱ्हाइकाला भारी दिसाय पाहिजे की!" मग तिनं त्याची सात पानं केली. दहा मिनिटं हात थांबला की भरलेलं सगळं पुसून जाईल, अशी सोयही केली. सोय कसली डोंबलाची!

परवा ती गडमुडशिंगीला तानाबाईकडं, तिच्या आत्याकडं गेली. घराला कुलूप होतं. आत्या सापडली चौकात, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानापुढं. पायरीशी म्हैस बांधलेली, दारातच शेण पडलेलं, आणि रांगेतल्या बाया नाकाला पदर लावून उभ्या.

"आत्ती, म्हस हितं कशाला आणलीस?"

"सहाव्या पानावर हिच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटू मागतंय. त्योबी तवाच्या तवा काढल्याला. दुकानदाराला गोठ्यात घिऊन जाईस्तवर सगळं पुसतंय, की परत पयल्यापास्नं! तीनदा झालं. मग म्हसच आणली."

आत्या बाजूला पचकन थुंकली. "ज्यानं कुणी ह्ये केलंय न्हवं, त्येनं जल्मात म्हस बघितली नसंल."

अनुजा वाकून दारातलं शेण भरू लागली. ह्याच म्हशीच्या आईचं दूध डेअरीला घालून आत्यानं तिला इंजिनिअर केलं होतं.