पांढरी पेटी

पासलीच्या पलीकडच्या डोंगरात आमचा धनगरवाडा होता, मेंढरांवर जगणारा. चैत्र लागला की ओढे आटायचे आणि पाण्याला खाली नदीवर जावं लागायचं. वाट खालच्या गावच्या पाणंदीतून. पाटलांनी ती काट्या टाकून बंद केली आणि आमचं पाणी तुटलं. लांबच्या फेऱ्याने नेताना कोकरं उन्हात बसकण मारायची, ती उठायचीच नाहीत. मी त्यांना पदराने वारा घालायचे. वेडी होते.

त्याच साली संस्थानाने पंचायतीची निवडणूक लावली. पंच होणाऱ्याच्या हाती पाणंद येणार, म्हणून माझे सासरे पाटलांच्या विरोधात उभे राहिले. मतांसाठी पाटलांची तांबडी पेटी, मामंजींची पांढरी. गावात दुफळी होतीच, वाड्याची सगळी मतं पडली तर मामंजी निवडून येत होते. बायकांना मत नव्हतं, तरी मी चार दिवस हवेत होते.

आदल्या दिवशी पाटलांनी वाड्यातल्या पुरुषांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. म्हणाले, "गावात भांडण नगं, यकोपा ऱ्हावा म्हणून भंडार उचला." देवापुढच्या भंडाराची आण कोण नाकारणार? सगळ्यांनी उचलला, मामंजींनी सगळ्यांच्या आधी. मुठी मिटल्यावर पाटील म्हणाले, "आता यकोपा म्हंजी समद्यांनी तांबडी पेटी."

मामंजी पिवळा हात घेऊन घरी आले. मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "मामंजी, फसवून उचलाय लावला तुमास्नी. असली आण मोडली तर देव रागावंल व्हय?"

"देवाला कुणी फसवलं न्हाई, पोरी. भंडार हातात व्हता तवा मी गप ऱ्हायलो."

"आन् मेंढरं?"

ते उठून मेंढरांकडे गेले. मी चुलीपुढे बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मतं पडल्यावर मोजणीला नेमलेल्या शाळेच्या मास्तरांनी पांढरी पेटी उघडली. गावातल्या फुटीर लोकांच्या होत्या तेवढ्याच चिठ्ठ्या निघाल्या. वाड्याची एकही नाही, खुद्द उमेदवाराची नाही. "म्हातारा सवताला बी मत देईना!" म्हणत चावडी हसली. निवडणूक कशी गुप्त, कुणाची बळजबरी नाही, याचं मास्तरांनी कौतुकही केलं. मला आजही ते कौतुक आठवलं की अंगाची आग होते. वाड्यात भंडार न उचललेल्या आम्ही बायकाच तेवढ्या होतो.

पुढे मेंढरं घेऊन निघालो तेव्हा म्होरक्या मेंढा सवयीने पाणंदीच्या तोंडाशी गेला. पलीकडे नदीचं पाणी दिसत होतं. माझ्या खांद्यावर कोकरू होतं, मान टाकलेलं. मी त्याला खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी काट्या उपसायला लागले.

मामंजींनी माझं मनगट धरलं.

"नगं, पोरी. गावानं ठरीवलंय," ते म्हणाले. "त्यात आपुन बी व्हतो."