जपानी चित्रावरचा काळा ठिपका

ती घटना घडली तेव्हा माझ्या अंगावर वर्दी नव्हती. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढून मी निवृत्त झालो होतो आणि ड्युसेलडॉर्फला मुलीकडे राहायला गेलो होतो. खात्यात नाही नाही ते पाहिलं, पण त्या रविवारी बसला तसा धक्का मला कधी बसला नव्हता.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, निवृत्त चित्रकला शिक्षिका. त्यांच्या घराला रंग द्यायचा होता, म्हणून त्यांनी लाकडी ठशांनी छापलेलं एक जुनं जपानी चित्र फ्रेममधून काढून आठवडाभर आमच्याकडे ठेवलं होतं. चित्रात घरातल्या तीन बायका होत्या. एक दुसरीचे केस विंचरत होती, तिसरी मांडीवर बाळ घेऊन बसली होती. माझ्या दहा वर्षांच्या नातीला बाई दर बुधवारी चित्रकला शिकवायच्या आणि पोरगी अख्खा आठवडा त्या बुधवारावर काढायची.

चित्र परत नेल्यावर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, बाई ते घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगी आणि जावई बाजारात गेले होते, आमच्या सौ. ब्राउनश्वाइग शहरात भाच्याकडे राहायला गेल्या होत्या. मला जर्मन येत नाही, त्यामुळे नातच दुभाषी झाली. ती आईवडिलांशी जर्मन बोलते, माझ्यासाठी मोडकं मराठी.

"फ्राऊ म्हणते, बाळाच्या गालावर काळा पुंक्ट, म्हणजे ठिपका आहे. आधी नव्हता."

"संशय कोणावर आहे, विचार."

तिने विचारलं. उत्तर ऐकून म्हणाली, "माझ्यावर."

बाई गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. तिच्या दप्तरात काळी पेनं होती, चित्र आठवडाभर आमच्याच घरात होतं. मला आणखी काय हवं होतं? हात उगारायची सवय मला नोकरीतही नव्हती आणि त्याचा मला फार अभिमान होता. माझी पद्धत वेगळी. खुर्ची जवळ ओढायची, पाच मिनिटं काही बोलायचं नाही, मग शांतपणे म्हणायचं, "मला सगळं माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"नाइन, आजोबा. मी नाही केलं."

मी तेच पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. अर्ध्या तासाने तिचा आवाज बसला.

"काळ्या पेनाने झालं ना?"

"या." म्हणजे जर्मनमध्ये हो.

"चुकून झालं ना?"

"या."

केस उलगडली. मी तिला खाली नेऊन माफी मागायला लावली. बाईंनी मान हलवली आणि बुधवारचा वर्ग बंद केल्याचं सांगितलं. पोरगी रडलीसुद्धा नाही. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही.

रविवारी सौ. परत आल्या. मी मोठ्या रुबाबात हकीकत सांगितली. त्या हातातली पिशवी तशीच धरून ऐकत राहिल्या.

"अहो, पेन कसलं? ती तीट आहे. मी लावली."

"चित्राला?"

"बाळाला. या आठवड्यात आपल्याकडे चैत्राच्या हळदीकुंकवाला आरास केली त्यात ते चित्र मांडलं होतं. आलेली प्रत्येक बाई बाळाचंच कौतुक करत होती. दृष्ट लागेल वाटलं, म्हणून काजळाचं बोट टेकवलं."

जन्म महाराष्ट्रात गेला, स्वतःच्या मुलीला रोज तीट लागलेली पाहिली, आणि बाळाच्या गालावरचा काळा ठिपका मला ओळखता आला नाही. मला त्यात फक्त पुरावा दिसला होता. पेन मीच सुचवलं, चूकही मीच सुचवली. पोरीने फक्त हो म्हटलं.

सौ. नातीला घेऊन तडक खाली गेल्या आणि खरं काय ते सांगितलं. वर्ग पुन्हा सुरू झाला, बाईंनी नातीची माफी मागितली. मीही मागितली आणि विचारलं, "केलं नव्हतंस तर हो का म्हणालीस?"

"तुम्ही थांबतच नव्हता, आजोबा."

आपल्याकडे पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा धरली जात नाही. नोकरीत असताना आम्हाला तो खात्याचा अपमान वाटायचा. कायदा असा का आहे, ते मला त्या स्वयंपाकघरात कळलं. तेव्हापासून जुने आरोपी एकेक करून आठवतात. त्यातला एक हॉटेलातला आचारी होता. दोन तासांनी तो मान खाली घालून म्हणाला होता, "साहेब, तुम्ही म्हणता तसंच झालं असेल." मी ती कबुली म्हणून लिहून घेतली आणि चहा मागवला.