मामीची बिनरोगाची गोळी

गोळी घ्यावी तर आमच्या पारोळ्याच्या मामीने! बाकीच्या बायका औषध भिंतीकडे तोंड करून गिळतात. मामी ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत घेते.

मामा यावलहून दिल्लीला केळीचा ट्रक न्यायचे. त्यांना एचआयव्ही निघाला, मामीची तपासणी निगेटिव्ह आली आणि साऱ्या नातेवाइकांनी एकमताने तिला माहेरी जायला सांगितलं. मामीचं आणि एकमताचं कधीच जमलं नाही. आठ दिवस ती मामांशी शब्दही बोलली नाही. नवव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "मी कोठे जात नही. पन मराले बी तयार नही. चाला, डॉक्टरले इचारूत."

कागद वाचायला म्हणून धुळ्याला मलाही नेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं : मामांच्या औषधाने त्यांच्या अंगातला विषाणू दबेल, पण त्याला काही महिने लागतील. तोवर मामीने रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे विषाणूला तिच्या अंगात पाय रोवता येणार नाही. खाडा चालणार नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. बाकीचे गुप्तरोग ही गोळी अडवत नाही, म्हणून निरोधही वापरायचा. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"भाचा, बाहेर काय देखस? लिखी ले!"

पुढे प्रत्येक तपासणीनंतर परतीच्या एसटीतून ती मामांना फोनवर "निगेटिव्ह!" असं ओरडून सांगे. कंडक्टर एकदा म्हणाला, "अक्का, हळू." मामी म्हणाली, "आनंदनी गोट हळू कशी सांगू, भाऊ?"

एका हळदीच्या घरी ती बट्टीचं पीठ मळायला बसली, तर नात्यातल्या एका बाईने पुढची परातच ओढून घेतली. मामीने डबी काढली आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली. "हाई गोळी रोग शे म्हनीसन नही, व्हवाले नको म्हनीसन शे. आनि रोग ऱ्हाता तरी पीठमा थोडाच उतरता! आन ती परात." परात मुकाट परत आली. त्या बाईने बट्टी खाल्ली नाही. मामीने तिला मुद्दाम दोनदा आग्रह केला.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या यजमानांच्या रक्तात कित्येक महिने विषाणू सापडतच नाही. त्यांनी औषध असंच चालू ठेवलं तर त्यांच्याकडून तुम्हाला लागण होणार नाही. तुमची गोळी आता थांबवू या."

मी पेढ्यांचं विचारलं. मामी सरळ एसटीत जाऊन बसली. गाडीतून मामांना फोनही केला नाही. पारोळ्याच्या स्टँडवर मामा वाट पाहत होते. त्यांना बघताच ती बाकावर बसली आणि रडू लागली. तिला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"काय निघनं?" मामांनी घाबरून विचारलं.

"काहीच नही," ती म्हणाली. "वरीसभर मले भलतं भेव वाटे. हाई मी आज सांगस."

मामा तिच्या शेजारी बसले.