परत जाऊन बघणारी शैला

शैला गेल्याचं तिच्या मुलीनं, प्रज्ञानं, फोनवर सांगितलं. मी मुरगूडला माहेरी आले होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलली. मला आधी रडू आलं नाही, रागच आला. आदल्या आठवड्यात दवाखान्यात आमचं भांडण झालं होतं. पेपरात गरीब कुटुंबांना शेळ्या वाटल्याची बातमी होती आणि ही धाप लागत असताना मला विचारत होती, "वाटल्या हे कळलं. पुढं?" मी म्हणाले, "शैला, आता तरी गप पड की." ती म्हणाली, "तूच असं म्हणायला लागलीस म्हणजे संपलंच," आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. ती आमची शेवटची भेट. तिला जाऊन आता महिना होऊन गेला, तरी मनातल्या मनात तिच्याशी बोलताना माझा आवाज अजून चढलेलाच असतो.

शैला कांबळे आणि मी नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका संस्थेत एकाच दिवशी लागलो. सरकारी योजनांचा गावातल्या गरीब घरांना उपयोग झाला की नाही, हे घरोघर जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा, असं आमचं काम. मी मुरगूडच्या शेतकरी घरातली, म्हणून ती मला 'पाटलीण' म्हणायची. तिच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारलेला, वडील शिक्षक. गावात कुणी आडवळणानं आडनाव काढायला लागलं की ती त्याला तेवढे कष्टही पडू द्यायची नाही. "कांबळे. बौद्ध. आता योजनेचं सांगा," म्हणायची. समोरचा माणूस गडबडायचा, आणि मग बरेचदा खरं बोलायचा.

आम्ही लागलो त्या वर्षी चंदगड तालुक्यात भूमिहीन बायकांना म्हशी दिल्या होत्या. सोबत दर महिन्याला थोडी रोख रक्कम. म्हशीचं करायला बाई घरी थांबली की तिचा रोजगार बुडतो, त्याची भरपाई म्हणून. काही गावांत ही रक्कम वर्षभर मिळाली. काही गावांत निधी अडकला आणि ती मध्येच बंद पडली. आम्ही सहा महिन्यांनी पाहणी केली तेव्हा जवळपास सगळ्या गोठ्यांत म्हशी होत्या. अहवालात योजना यशस्वी झाली. आमचे साहेब खूश, वरचेही खूश. शैला तेवढी म्हणाली, "साहेब, आणखी वर्षानं परत जाऊन बघायला पाहिजे."

"कशाला? वरच्यांनी मागितला तो अहवाल दिला. विषय संपला."

तिनं वर्षभर वाट बघितली आणि रजा टाकली. मलाही टाकायला लावली. स्वतःच्या पैशानं एसटीचं तिकीट काढून आम्ही भर पावसात चंदगडला गेलो. जिथं रक्कम वर्षभर मिळाली होती, तिथं बहुतेक म्हशी होत्या, काहींना रेडकंही झाली होती. मग रक्कम बंद पडलेल्या गावात गेलो. तिथल्या गोठ्यांत पावसाळ्याची लाकडं रचून ठेवलेली. गंगव्वा नावाच्या बाईच्या दारात आम्ही उभ्या राहिलो. पहिल्या पाहणीत हिनं आम्हाला खरवस खायला घातला होता.

"म्हस?" शैलानं विचारलं.

"इकली की."

"का हो?"

गंगव्वा भडकली. "का म्हंजे? तिच्यापायी घरात बसलो, रोजगार बुडाला. तुमचं पैसं यायचं थांबलं. म्हशीला वैरन घालू का चुलीत घालू? ती आटलेली, दूध न्हाय. आनि काय करतो मी, पावणं?" मग जरा थांबून म्हणाली, "आनि चार म्हैनं पैसं आलं आस्तं तर ऱ्हायली आस्ती. गरीब व्हती हो म्हस. लई गरीब."

कोल्हापुरात आल्यावर शैलानं रात्रंदिवस बसून पुढच्या अहवालासाठी सगळं लिहून काढलं. आणि लिहिताना एक गोष्ट लपवली नाही, की वर्षभर रक्कम मिळालेल्या गावातही काही घरांनी म्हशी विकल्या होत्या. मी म्हणाले, हे कशाला मोठं करून लिहितेस? ती म्हणाली, "आपणही तेच करायचं, तर त्यांच्यात आपल्यात फरक काय?"

साहेबांनी नेमकी तीच ओळ उचलली. "बघा, पैसे मिळूनही विकल्याच की! या लोकांना फुकटाची किंमत नसते." शैलाचा आवाज तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू येत होता. "फुकटचे नव्हते ते, साहेब! बाईचा बुडालेला रोजगार होता तो!" तिनं लिहिलेलं प्रकरण अहवालातून गाळलं गेलं. पुढच्या साली तीच योजना गगनबावड्याकडं नेली आणि रोख रक्कम मुळातूनच काढून टाकली. लोक आळशी होतात म्हणे.

त्यानंतर शिलाई मशिनं आली, शेळ्या आल्या, बचत गट आले. शैलाचा प्रश्न बदलला नाही आणि तिला मिळणारं उत्तरही बदललं नाही. बैठकांना तिला बोलवायचे बंद झाले. ती चिडकी झाली, हे खरं आहे. चहा पिता पिताही भांडायची. पण मला विचाराल तर, इतकी वर्षं भिंतीशी बोलल्यावर माणसानं गोड राहायचं तरी कसं?

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर साहेब बोलायला उठले. आता तेही निवृत्त, काठी घेऊन आलेले. म्हणाले, "चंदगडची योजना यशस्वी झाली, त्यात मॅडमचा मोठा वाटा होता." माझ्यानं बसवेना. मी जागेवरूनच म्हणाले, "साहेब, योजना फसली असं ती सांगत होती. तुम्हालाच सांगत होती." सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेब म्हणाले, "असू दे हो, आज नको तो विषय..." आणि कुणीतरी जेवणाची पानं मांडायला घेतली. तिथंही विषय संपला.

जेवणं झाल्यावर प्रज्ञानं मला शैलाच्या खोलीत नेलं. कपाटाच्या कडेला एक काळी, लांब दांड्याची छत्री टेकवून ठेवली होती. टोकाला आणि कापडाच्या कडेला तांबडी माती वाळून घट्ट बसलेली. कोल्हापुरात आपल्याकडं अशी माती कुठली?

"ही कुठली गं?" मी विचारलं.

प्रज्ञा घुटमळली. "आई गेल्या पावसात चंदगडला जाऊन आली, मावशी. एकटीच. डॉक्टर नको म्हणत होते. तुम्हाला सांगू नको म्हणाली, तुम्ही रागावाल म्हणून."

मी रागावलेच. अशा तब्येतीत, कुणी पाठवलेलं नसताना, कुणी वाचणार नसताना... आणि मला सोडून! कुठल्या गावात गेली, काय बघून आली, गंगव्वा भेटली का, काही काही बोलली नाही. प्रज्ञालाही काही माहीत नव्हतं. आल्यावर दोन दिवस झोपून होती, एवढंच ती सांगू शकली.

"धुऊन ठेवते मी ती," प्रज्ञानं छत्रीकडं हात नेला.

"नको," मी म्हणाले. "राहू दे तशीच."