बन्सीधर बंदूक घेतो

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी थंडी होती. नळाला पाणी आले, टाकी भरून घेतली. डोळ्यांचे थेंब संपले होते, ते आणवले. दुपारी भावजी आले. पुन्हा बंदूक. दिवेलागणीपर्यंत बसले. डोके दुखले.

एवढं लिहून राजेश्रीबाईंनी वही मिटली, तरी कपाळाची शीर उडायची थांबेना. परभणीतल्या त्यांच्या बैठकीत ही बंदूक दिवाळीच्या आधी शिरली होती आणि फराळाचे डबे रिकामे झाले तरी उठायचं नाव घेत नव्हती.

भावजी म्हणजे त्यांचा धाकटा दीर, पेडगावचा बन्सीधर. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनीची जमीनही तोच कसायचा, आणि इतक्या इमानानं की तुरीचं माप घालताना पोत्याला वरून एक ओंजळ जास्तच टाकायचा. माणूस सोन्यासारखा. पण वस्तू घ्यायची म्हटली की या सोन्याचा दगड व्हायचा. एका म्हशीसाठी तो आसपासचे सगळे बाजार पालथे घालून आला होता, आणि दर बाजारी पाहिलेली म्हैस पुढच्या बाजारापर्यंत दुसऱ्याच कुणाच्या गोठ्यात गेलेली असायची. लग्नाचंही तेच. मुली पाहून पाहून मध्यस्थ थकले. शेवटी कमलबाईच्या वडिलांनी चहापोह्यांच्या बैठकीतच दाराला आतून कडी घातली आणि म्हणाले, "आता टिळा लावूनच उठायचं." कमलबाई अजूनही सांगते, "बाई, मला ह्यायनी पसंत न्हाई केलं. माज्या बापानं ह्यायला धरलं."

बंदुकीची गरज मात्र खरी होती. हरभरा वीतभर वर आला की हरणांचे कळप उतरत आणि शेंडे खुडून रान बोडकं करून जात. गेल्या साली घरच्या डाळीलासुद्धा हरभरा विकत आणावा लागला. बन्सीधर साठीचा, दम्याचा. तरी थंडीत शेतात जागलीला जायचा आणि सकाळी छातीत शिट्ट्या घेऊन परत यायचा. म्हणून कमलबाईनं हट्ट धरून शेतीसंरक्षणाच्या परवान्याचा अर्ज करायला लावला. किती वर्षं खेटे घातले, तेव्हा परवाना हातात आला. पण त्यावर मुदत होती. नोव्हेंबरअखेर बंदूक घेऊन नोंदवली नाही तर परवाना रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून खेटे.

अशा वेळी बन्सीधर काय करत होता? कागद गोळा करत होता. त्याचा मुलगा परमेश्वर मोबाइलवर सापडेल ते इंग्रजी छापून आणायचा, आणि बन्सीधर ती चळत काखेत मारून वहिनीकडे यायचा. कारण वहिनी लहानपणी हैदराबादला कॉन्व्हेंटात शिकलेल्या.

"वहिनी, ह्यात काय लिव्हलंय?"

"लिहिलंय, हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेताना साधी आणि मजबूत घ्यावी. खांद्याला धक्का कमी बसावा. ही जी चित्रात आहे, तिनं दोनशे पावलांवरचं हरीण एका गोळीत पडतं."

बन्सीधरनं कागद हळूच उलटा ठेवला. "ही नगं. दुसरी बगा."

"हिला काय झालं?"

"काई न्हाई झालं. दुसरी बगा."

"अहो भावजी, शेतीच्या परवान्यावर रायफल मिळत नाही, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं? आणि हरीण मारलं तर सरळ तुरुंग. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे हे कागद मला वाचायला लावून तुम्ही मिळवताय काय?"

"म्या कुठं मारायलोय? पर घ्यायची म्हणल्यावर सगळं ठाव पायजे का न्हाई?"

"दुसरी" बघितली. तीही नको. तिची गोळी तर हरणाच्या आरपार जायची.

दोन दिवसांनी कमलबाईचा फोन आला. "बाई, ह्यो मानूस फकस्त तुमचं ऐकतो. नांदेडला दुकानात न्या ह्यायला, आन् बंदूक घेतल्याबिगर परत आनू नका. न्हाईतर म्या परवाना चुलीत घालते आन् वर त्याच्यावर चहा करते."

राजेश्रीबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि दिराला घेऊन नांदेड गाठलं. दुकानदार भला माणूस होता. त्यानं गादीवर बंदुका मांडल्या. बन्सीधरनं प्रत्येक बंदूक उचलली, नळीत एक डोळा घालून पाहिलं, दस्ता हुंगला, घोडा दाबला, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला. "हिनं हरीन मरंल का?"

"मरेल म्हणजे? दुसरी उडी घेणार नाही."

"ठिवा."

"मग ही दुनळी घ्या. एका नळीनं चुकलं तर दुसरीनं पक्कं."

"दोनदा?" बन्सीधरचा चेहरा उतरला. "ठिवा, ठिवा."

दुकानदारानं घाम पुसला. "बाई, तुमच्या माणसाला नेमकं पाहिजे काय? चांगली म्हटली की ठेवा म्हणतात."

राजेश्रीबाईंनी दिराकडे पाहिलं. त्याचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर होता आणि बोटं मणी चाचपत होती. त्या एकदम उभ्या राहिल्या, गुडघा दुखतोय हे विसरून.

"भावजी, खरं सांगा. तुम्हाला हरीण मारायची भीती वाटते?"

"आता काय सांगावं," बन्सीधर खाली मान घालून म्हणाला. "भ्या दावायचंय, वहिनी. वर उडवायची. पर म्हातारा हात हाय, हलला तर? एखादीच्या पोटात पिल्लू असलं तर?"

महिनाभर आपण या माणसाला बंदुकांचे गुण वाचून दाखवत होतो आणि तो दर गुणाला एकेक बंदूक बाद करत होता! राजेश्रीबाईंचा संताप मस्तकात गेला.

"हे दिवाळीच्या आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तुमी म्हणल्या असत्या, मंग बंदूक कशाला?"

"म्हणालेच असते! आत्ताही म्हणते!"

"बगा. म्हनून न्हाई सांगितलं."

त्या दुकानदाराकडे वळल्या. "हे बघा, जिचा आवाज भरवशाचा आणि नेम बिनभरवशाचा, अशी काही आहे का तुमच्याकडे?"

दुकानदाराच्या तोंडावर असा भाव उमटला, जणू सोनाराकडे येऊन कुणीतरी खोटं मंगळसूत्र मागितलंय. पण गिऱ्हाईक जाईना, तेव्हा तो आत गेला आणि एक जुनी एकनळी घेऊन आला. "घोडा पक्का आहे. दाबला की वाजणारच, आणि वाजली की भिंती हलतील. पण टोकावरचा नेमाचा मणी उडालाय. बारीक छऱ्याची काडतुसं देतो, लांबवर काही लागायचं नाही. नेमाची हमी मी देणार नाही, आधीच सांगतो."

"तसं लिव्हून द्या," बन्सीधर म्हणाला.

"हमी देत नाही, हे लिहून देऊ?"

"हाव. घरात दावायला."

बंदूक मुदतीच्या आत नोंदवली गेली. मग कमलबाईचा निरोप आला, की बंदुकीला हळदकुंकू लावायचंय, थोरल्या जाऊबाई पाहिजेत. राजेश्रीबाई दुपारच्या गाडीनं पेडगावला गेल्या. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि ऊन कलल्यावर सगळे शेतात गेले.

हरणं आली. पलीकडच्या ओढ्यातून एकामागून एक वर चढली, कान टवकारून उभी राहिली आणि मग खुशाल हरभऱ्यात शिरली. बन्सीधरनं बंदूक आभाळाकडे धरली, इतकी सरळ की छर्रे त्याच्याच टोपीवर पडावेत. पण घोडा दाबायच्या आधी तो घसा फोडून ओरडला, "सरका रंऽऽ! बाजूला व्हाऽऽ! उडवायलोय!"

हरणांनी माना वर केल्या आणि ती सावकाश चालत, बांध ओलांडून धुऱ्यापलीकडे, शेजारच्या येडबाच्या ज्वारीत गेली. येडबा मेंढरंवाला, त्याचा कळप ज्वारीच्या कडेला बसला होता.

"अवो मालक," तो तिकडून ओरडला, "बंदूक वाजवायलाव, का हरनायला माज्या रानात जेवायचं आवतन द्यायलाव?"

"थांब रं! कुनाला लागू नये म्हनून सांगायलोय!"

"त्यायला मराठी येतंय व्हय?"

"अहो भावजी!" राजेश्रीबाई कळवळून म्हणाल्या. "दाबा एकदाचा तो घोडा!"

बन्सीधरनं डोळे मिटले आणि घोडा दाबला. आवाज असा झाला की ओढ्याकाठच्या बाभळीवरचे सगळे बगळे उठले. हरणं हवेत उडाली आणि बघता बघता क्षितिजापार गेली. येडबाची मेंढरंही उधळली, आणि त्यांच्यामागे शिव्या देत येडबा. कमलबाईनं कानांवरचे हात काढले आणि हरभऱ्याकडे पाहिलं. हरभरा जागेवर होता. आज रात्री नवरा घरात झोपणार होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बन्सीधरनं बंदूक तिच्या हातात दिली आणि तो तुरुतुरु रानाकडे निघाला.

"आता कुठं?"

"कुनी पडलं का, बगून येतो."

"आभाळात उडवली ना तुमी?"

"तरी बी."

तो सगळं रान सरीसरीनं चालला, वाकून वाकून. मग येडबाची ज्वारी. मग ओढा. धुऱ्यावर दोघी जावा थंडीत उभ्या राहिल्या. परभणीची शेवटची जीप सडकेवर हॉर्न वाजवून निघून गेली. कमलबाईनं नवऱ्याला उद्देशून जे शब्द काढले ते राजेश्रीबाईंनी पूर्वी कधी ऐकले नव्हते, पण त्यांतला एकही त्यांना अवाजवी वाटला नाही.

अखेर बन्सीधर आला. धापा टाकत होता, पण चेहरा उजळला होता. "कुनी न्हाई, वहिनी. चांगली बंदूक निवडली तुमी." मग म्हणाला, "पर उद्या उजेडात एकडाव बगावं लागंल."

राजेश्रीबाईंनी पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि घराची वाट धरली. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढून लिहिलं:

मुक्काम पेडगाव. कमलने मेथीची भाजी केली. मीठ थोडे जास्त झाले.