तळाची हवा

नौदलातली माझी शेवटची पोस्टिंग एका जुन्या जहाजावर होती. मी चीफ पेटी ऑफिसर. माझ्या हाताखालचा लीडिंग हँड मिलिंद वानखडे आंजीचा, मी सिंदी मेघेचा; दोन्ही गावं वर्ध्याजवळची. समुद्रावर इतकं जवळचं माणूस सहसा भेटत नाही.

"चीफ, तुमी वर्ध्याच्या बाहेर राहता अन् सोताले शहरवाले म्हनता," तो चिडवायचा. "सुट्टीत आंजीले येजा. झणझणीत रश्श्यातली पाटोडी कशी राह्यते ते समजन."

जहाजाच्या पोटात रिकाम्या टाक्या असतात. बंद टाकीत लोखंड गंजतं आणि हवेतला ऑक्सिजन कमी होतो. त्याचा वास येत नाही, माणूस सरळ कोसळतो. म्हणून उतरण्याआधी मीटरची नळी सोडून तोंडाशी, मध्ये आणि तळाशी हवा मोजायची असते. तिन्ही ठिकाणी ऑक्सिजन २०.९ टक्के भरला पाहिजे.

त्या दुपारी इन्स्पेक्शन होतं. घाई होती. लांब नळी माझ्याकडे, पुढच्या टाकीवर होती. मागच्या टाकीवर लेफ्टनंट सेठी आणि मिलिंद, दोघेच.

वॉकीटॉकीवर सेठींचा आवाज आला. "चीफ, आफ्ट टँक. मॅन डाउन."

मी धावलो. टॉर्चच्या उजेडात मिलिंद तळाशी पालथा दिसत होता. मी आणि आणखी दोघे उतरायला पुढे झालो. सेठी टाकीच्या तोंडावर आडवे पडले.

"कोई नहीं उतरेगा! बीए सेट लाओ!"

"साहब, हटो! मेरा लड़का है!"

ते हटले नाहीत. श्वसनयंत्र लावून माणूस उतरला, तोवर मिलिंद गेला होता. सेठी हटले असते तर आम्ही तिघेही तळाशी पडलो असतो. हे मला त्याच क्षणी कळत होतं. तरी पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो.

चौकशीच्या आदल्या दिवशी एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर सेठींना सांगितलं, "लिख दो, रुकने को कहा था, लड़का खुद उतर गया. देखनेवाला कोई नहीं था."

"नहीं सर. मैंने मुँह पर रीडिंग ली, तले की नहीं. मैंने कहा, जाओ. वो गया."

"नौकरी का सोचा है?"

"यस सर."

चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं. त्यांची बढती कायमची थांबली.

नंतर ते आंजीला आले. मी सोबत होतो. मिलिंदच्या वडिलांनी खाटेवर बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"साहेब, लोक म्हनते, पोरगा कोनाचं न आयकता उतरला. खरं हाय का?"

"नहीं बाबा. मेरे हुकुम से उतरा. हुकुम ग़लत था. वो मेरा था."

घरातून मिलिंदच्या आईचा हुंदका ऐकू आला.

"खरं बोल्ले, बरं केलं," वडील म्हणाले. "आता पुन्हा नोका येऊ."

सेठी उठले, वाकून नमस्कार केला आणि निघाले. पुन्हा आले नाहीत. बरोबर काय आणि पुरेसं काय, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही.

मी मात्र आंजीला जातो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी मिलिंदचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. खाली वडिलांनी पेंटरकडून नाव आणि हुद्दा लिहून घेतलाय. 'शहीद' लिहू का, असं पेंटरनं विचारलं होतं. वडिलांनी नको म्हटलं. त्यांनी दोनच शब्द सांगितले: 'हुकुमानं गेला.'